वायबीसीओमध्ये झिरो केल्विनजवळ उष्णता नेमकं कोण वाहून नेतंय?

बिंदुसरा_बीड
नमस्कार सगळ्यांना. मी बीडचा, एमएस्सी फिजिक्स सेकंड इयर. पुढच्या गुरुवारी सेमिनार आहे अन् विषय मीच मागून घेतलाय, कॉपर ऑक्साइड सुपरकंडक्टरमधून (त्यातला वायबीसीओ, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड) अगदी कमी तापमानाला उष्णता कशी वाहते. चार दिवस झाले वाचायलोय पण दोन ठिकाणी गाडी अडकलीय, कॉलेजात विचारलं तर "पुस्तकात बघ" म्हणले, म्हणून इथं टाकायलोय.

पहिलं असं की बीएस्सीपासून आपल्याला शिकवलंय, जो धातू विजेचा चांगला वाहक तोच उष्णतेचा पण चांगला वाहक. वीडमन-फ्रान्झचा नियम. उष्णतावाहकता भागिले विद्युतवाहकता भागिले तापमान, उत्तर ठरलेलं, २.४४ गुणिले दहाचा उणे आठवा घात. मग सुपरकंडक्टरमध्ये रेझिस्टन्स झिरो झाला तर उष्णता पण फुकटात अन् बेफाम वाहायला पाहिजे ना? पण पुस्तकात उलटं लिहिलंय, शिसं सुपरकंडक्टिंग झालं की उष्णतेचं वहन पडतं म्हणे.

दुसरं त्याहून डोकं खाणारं. शिशात इलेक्ट्रॉनची उष्णता शून्याजवळ जाऊन मरते हे मान्य केलं, पण वायबीसीओचा ग्राफ बघितला तर तिथं ती मरत नाही. कॅपा (उष्णतावाहकता) भागिले टी (तापमान) असा ग्राफ काढून रेषा शून्य केल्विनपर्यंत मागं ओढली तर ती शून्याला टेकत नाही, वर कुठंतरी अक्षाला छेदते. अन् १९९७ चा एक प्रयोग आहे, त्यात स्फटिकात मुद्दाम झिंक घातलं, ३ टक्क्यांपर्यंत. झिंक म्हणजे आपल्या हिशोबानं कचराच. तरी सगळ्या स्फटिकांच्या रेषा जवळजवळ एकाच ठिकाणी छेदतात! कचरा टाकला अन् काहीच फरक नाही हे मला पटंना झालंय. कुणी नीट सांगू शकेल का, गणित थोडं कमी असलं तरी चालेल.

गोदातीर
भाऊ माझ्या मते सोपं आहे, सँपल शंभर टक्के सुपरकंडक्टिंग कधीच होत नाही, थोडा भाग नॉर्मल राहतोच, तो नॉर्मल भाग धातूसारखी उष्णता नेतो अन् तेच ग्राफमध्ये उरलेलं दिसतंय. सिरॅमिकच आहे शेवटी ते, भट्टीत भाजून केलेलं.

बालाघाटी
बिंदुसरा, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, दुसऱ्याला इथं माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत. मी तीस वर्षं अंबाजोगाईला पदवीच्या मुलांना शिकवलंय आणि हा प्रश्न दरवर्षी एखादा तरी पोरगा विचारायचाच, आणि ज्यानं विचारला त्याला विषय कळायला लागला असं मी धरायचो.

बाळा, तू वीज आणि उष्णता एकच माल समजतोयस. आपल्याकडं मे महिन्यात टँकर येतात ना गावात, त्यावर विचार कर. विजेसाठी टँकर नुसता या टोकाकडून त्या टोकाला गेला तरी काम झालं, कारण चार्ज म्हणजे टँकर स्वतःच. उष्णतेसाठी मात्र टँकरमध्ये पाणी पाहिजे. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या बनतात, कूपर जोड्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या एकाच अवस्थेत बसतात. सगळे एकाच अवस्थेत म्हणजे एंट्रॉपी, अव्यवस्थेचं माप, शून्य. आणि उष्णता वाहून नेणं म्हणजे एंट्रॉपी वाहून नेणं. रिकामा टँकर कितीही सुसाट पळाला, रस्त्यात एक खड्डा नसला, तरी गावाला पाणी मिळत नाही.

मग उष्णता नेणारं कोण उरतं, तर ज्या जोड्या तुटल्यात त्यातले सुटे इलेक्ट्रॉन, आणि स्फटिकाची थरथर म्हणजे फोनॉन. शिशात जोडी तोडायला ठराविक ऊर्जा लागते, तिला गॅप म्हणतात. तापमान खाली गेलं की तेवढी ऊर्जा कुणाकडंच नसते, सुटे इलेक्ट्रॉन घातांकी वेगानं कमी होतात, आणि एक दशांश केल्विनला शिशाचे इलेक्ट्रॉन उष्णतेच्या दृष्टीनं मेल्यात जमा. याचा वापर पण करतात. अति थंड फ्रिजमध्ये शिसं किंवा ॲल्युमिनियमची पट्टी उष्णतेचा स्विच म्हणून लावतात, चुंबकीय क्षेत्र दिलं की सुपरकंडक्टिव्हिटी जाते आणि उष्णता वाहते, क्षेत्र काढलं की बंद. वीडमन-फ्रान्झ खोटा पडला असं समजू नकोस, तो नॉर्मल धातूतल्या इलेक्ट्रॉनसाठी आहे, तिथं चार्ज आणि उष्णता दोन्ही एकच इलेक्ट्रॉन नेतो.

कयाधूकाठ
सरांनी टँकरचं फार छान सांगितलं. मी मूळची हिंगोलीची, गेली काही वर्षं लो टेंपरेचरमध्येच पीएचडी करतेय, रोज हेच मोजते, त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी गॅपचं. शिशाच्या गॅपला जायकवाडीची भिंत समज, पण अशी की सगळीकडून सारख्याच उंचीची. तापमान म्हणजे लाटेची उंची. लाट बारीक झाली की पलीकडं थेंब जात नाही. कॉपर ऑक्साइडमध्ये ही भिंत सारख्या उंचीची नाहीच. कॉपर-ऑक्सिजनचे चौकोनी थर असतात, तांब्याकडून ऑक्सिजनच्या दिशेनं भिंत सगळ्यात उंच, अन् कर्णाच्या दिशेनं उतरत उतरत थेट शून्य. अशा चार जागा, त्यांना नोड म्हणतात. नोडपाशी भिंतच नसल्यामुळं लाट कितीही बारीक असू दे, थोडं पाणी जातंच. म्हणजे जोडीतून सुटलेले इलेक्ट्रॉन, खरं तर क्वाझीपार्टिकल म्हणायला पाहिजे, शून्य तापमानाच्या अगदी जवळपर्यंत शिल्लक असतात. यालाच डी-वेव्ह म्हणतात. १९८६ ला झुरिकच्या आयबीएम लॅबमध्ये बेडनॉर्झ अन् म्युलर यांना हे पदार्थ सापडले, पुढच्याच वर्षी वायबीसीओ ९२ केल्विनला निघालं, नायट्रोजनच्या ७७ च्या वर, पण गॅपचा आकार डी-वेव्ह आहे यावर एकमत व्हायला नव्वदचं दशक अर्धं गेलं.

आता तुझा झिंकचा प्रश्न, अन् हा मला सगळ्यात आवडतो, पहिल्यांदा समजला तेव्हा रात्री झोप नव्हती लागली. कचरा टाकला की दोन गोष्टी होतात. एक, क्वाझीपार्टिकल जास्त वेळा धडकतात, म्हणजे एका धडकेपासून दुसरीपर्यंतचा पल्ला कमी होतो. दुसरी गोष्ट पुस्तकं घाईघाईत सांगून पुढं पळतात: नोडपाशी कचरा स्वतःच जोड्या फोडतो अन् शून्य ऊर्जेला नवीन क्वाझीपार्टिकल तयार करतो. एसटीचं उदाहरण घे. बीड ते परळी रस्त्याला खड्डे वाढले तर एका गाडीच्या खेपा कमी होतील. पण जेवढे खड्डे वाढले बरोबर तेवढ्याच पटीत डेपोनं गाड्या वाढवल्या तर? संध्याकाळपर्यंत परळीला पोचलेल्या माणसांची संख्या तीच राहील. इथं तसंच होतं, एक ज्या पटीत वाढतं त्याच पटीत दुसरं घटतं अन् कचऱ्याचा आकडा हिशोबातूनच उडून जातो. पॅट्रिक ली यांनी १९९३ ला हे गणितानं सांगितलं होतं, म्हणून याला युनिव्हर्सल म्हणतात. तू म्हणतोस तो १९९७ चा प्रयोग तायफेर यांच्या ग्रुपचा. झिंकमुळं टीसी (सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होण्याचं तापमान) जवळपास २० केल्विननं पडला, धडका कितीतरी पटीनं वाढल्या, अन् छेद राहिला तिथंच, ०.१९ मिलिवॉट प्रति केल्विन वर्ग प्रति सेंटीमीटरच्या आसपास.

गोदातीर, तुमची शंका रास्त आहे, मला पण सुरुवातीला तेच वाटायचं. पण बघा, उरलेला भाग नॉर्मल धातू असता तर झिंक घातल्यावर त्याची वाहकता पडली असती, किंवा नॉर्मल भाग वाढून छेद वर गेला असता. दोन्ही होत नाही. अन् प्रयोग स्फटिकावर असतात, भाजलेल्या वडीवर नाही. आणखी एक, आकडा कुठून येतो ते बघा. २००० साली डर्स्ट अन् ली यांनी दाखवलं की हा छेद फक्त दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरतो, एक फर्मी वेग, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धातूतला नेहमीचा वेग, अन् दुसरा नोडपाशी भिंत किती तिरकी चढते त्याचा वेग. बाकी सगळे मूलभूत स्थिरांक अन् दर सेंटीमीटरला कॉपरचे थर किती. त्याच सुमाराला बिस्मथवाल्या कॉपर ऑक्साइडमध्ये छेद ०.१५ मोजला, त्यावरून गुणोत्तर आलं १९. अन् प्रकाशानं इलेक्ट्रॉन उडवून गॅप मोजणारी जी अगदी वेगळी पद्धत आहे तिच्यातून आलं होतं २०. एकीकडं नुसती उष्णता, दुसरीकडं नुसता प्रकाश, अन् उत्तर सारखं. वायबीसीओत १४ आलं.

आणि हे विजेनं का मोजत नाहीत असं सेमिनारला नक्की विचारतील. विजेचा प्रवाह कूपर जोड्या फुकट नेतात त्यामुळं क्वाझीपार्टिकलचा आवाजच येत नाही. मायक्रोवेव्हनं ऐकता येतो, पण तिथल्या युनिव्हर्सल आकड्याला दुरुस्त्या लागतात, कचरा कुठल्या दिशेला ढकलतो वगैरे. डर्स्ट अन् लींनीच दाखवलं की उष्णतेच्या आकड्याला त्या लागत नाहीत. म्हणून हे लोक उष्णतेच्या मागं लागले.

गोदातीर
ताई पटलं. झिंकचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

बिंदुसरा_बीड
ताई एसटीचं उदाहरण जसंच्या तसं सेमिनारला वापरू का? आमच्या वर्गाला लगेच समजंल, परळीचीच अर्धी पोरं आहेत. अजून एक विचारतो, फोनॉन पण उष्णता नेतात ना, मग ग्राफमधलं इलेक्ट्रॉनचं कुठलं अन् फोनॉनचं कुठलं हे कसं काय वेगळं करतात? थर्मामीटरला थोडीच कळतंय कुणी आणली ते.

कयाधूकाठ
वापर की, त्यात काय.

फोनॉनचा प्रश्न विचारलास हे चांगलं केलंस कारण खरी भांडणं तिथंच आहेत. तत्त्व सोपंय. इलेक्ट्रॉनचा हिस्सा तापमानाच्या पहिल्या घातात जातो, फोनॉनचा साधारण तिसऱ्या घातात. म्हणून सगळ्याला टीनं भागलं की इलेक्ट्रॉनचा हिस्सा स्थिर राहतो, फोनॉनचा टीच्या वर्गात जातो, शून्याकडं गेलं की फोनॉन संपतो, उरलं ते इलेक्ट्रॉनचं. तिसरा घात का, तर इतक्या थंडीत फोनॉन आतमध्ये कुणालाच धडकत नाही, सरळ स्फटिकाच्या भिंतीवर जाऊन आपटतो, त्याचा पल्ला म्हणजे स्फटिकाची रुंदी, मग उरते फक्त उष्माधारकता अन् ती टीच्या घनात जाते.

पण. भिंत गुळगुळीत असली तर? ०.१ केल्विनला फोनॉनची तरंगलांबी वाढून मायक्रॉनच्या जवळ जाते, अन् स्फटिकाचा पृष्ठभाग त्याहून चकचकीत असला तर फोनॉन आरशावरून परतावा तसा परततो, त्याचा पल्ला रुंदीएवढा राहत नाही. मग घात तीन राहत नाही, दोन अन् तीनच्या मधे कुठंतरी येतो. तू जर आंधळेपणानं एक्स अक्षावर टीचा वर्ग घेऊन पट्टीनं रेषा ओढलीस तर छेद चुकणार. आजकाल घात मोकळा सोडून फिट करतात. एक चांगली पडताळणी अशी की डोपिंग न केलेला, म्हणजे वाहक वाढवायला भेसळ न केलेला मूळ पदार्थ, जो इन्सुलेटर आहे, त्याचा छेद शून्य यायला पाहिजे, अन् तो येतो.

आता मोजतात कसं, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. स्फटिक एक-दोन मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद, जाडी कागदाएवढी. हेलियम-३ अन् हेलियम-४ च्या मिश्रणावर चालणारा डायल्यूशन फ्रिज, तो ५० मिलिकेल्विनपर्यंत जातो. स्फटिकाचं एक टोक थंड तांब्याला चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला छोटा हीटर, मधे दोन थर्मामीटर, रुथेनियम ऑक्साइडच्या चिप. ०.१ केल्विनला दोन थर्मामीटरमध्ये पाच मिलिकेल्विनचा फरक पाडायला हीटरला लागतात नॅनोवॉटच्या आसपास. एवढीशी उष्णता तारांमधून गळून गेली तर सगळं मुसळ केरात. म्हणून थर्मामीटरच्या तारा कशाच्या घेतात माहितीये का? नायोबियम-टायटॅनियमच्या, म्हणजे साध्या सारख्या उंचीच्या भिंतीवाल्या सुपरकंडक्टरच्या. वीज आरपार, उष्णता जवळजवळ नाही. सरांचा रिकामा टँकर.

अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉन्टॅक्ट, जिथं तार स्फटिकाला चिकटते. माझे पहिले सहा महिने यातच गेले. चांदीचा पेंट लावला, मोजलं, खाली ०.२ केल्विनच्या आत कॅपा भागिले टी धाडकन पडायला लागला. मला वाटलं काहीतरी मोठं सापडलं. तीन वेळा मोजलं, तीनही वेळा पडला. मग एका सीनियरनं कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मोजायला लावला, तो भयंकर होता. पेंट काढला, सोनं चढवून ऑक्सिजनमध्ये भाजून परत लावलं, अन् पडणं गायब.

यावरून एक गाजलेलं प्रकरण आहे, ते सेमिनारला घे. २००१ ला नेचर या विज्ञान नियतकालिकात तायफेर यांच्या ग्रुपचं आलं होतं की इलेक्ट्रॉन डोप केलेल्या एका कॉपर ऑक्साइडमध्ये, प्रासिओडायमियम-सेरियमवाल्या, चुंबकीय क्षेत्रानं सुपरकंडक्टिव्हिटी मारून मोजलं तर वीडमन-फ्रान्झ मोडतो. ०.३ केल्विनच्या खाली उष्णतावाहकता पडत जाते. खूप गाजलं, कारण तो नियम मोडणं म्हणजे इलेक्ट्रॉन हा इलेक्ट्रॉनच राहिला नाही असं म्हणणं. पुढं २००५ ला तायफेर यांच्याच ग्रुपनं दाखवलं की ते पडणं वेगळ्या कारणानं आहे. हीटरची उष्णता कॉन्टॅक्टमधून आधी फोनॉनला मिळते, अन् फोनॉननं ती इलेक्ट्रॉनला द्यायची असते. थंडी वाढली की ही देवाणघेवाणच बंद पडत जाते, इलेक्ट्रॉन उष्णता न्यायला तयार आहेत पण त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. मधल्या काळात, २००२ ला, थॅलियमवाल्या जास्त डोप केलेल्या पदार्थात मोजलं तर नियम व्यवस्थित पाळला जातो असं निघालं होतं. ज्यांनी मोडला म्हणून सांगितलं त्यांनीच पडण्याचं खरं कारण शोधून छापलं, याचा मला फार आदर वाटतो.

जालन्याची_भट्टी
मी फिजिक्सवाला नाही, जालन्याला रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे, भट्टीवर दिवसभर उष्णताच बघतो म्हणून धागा वाचत बसलो. एक विचारू का, वीज जाते पण उष्णता जात नाही अशी तार ही तर लई कामाची गोष्ट झाली, कुठं वापरतात का खरोखर?

बालाघाटी
वापरतात हो. मोठ्या सुपरकंडक्टिंग मॅग्नेटला हजारो अँपियर करंट बाहेरून आत न्यायचा असतो, आणि आत द्रव हेलियम. तांब्याची जाड तार टाकली तर करंटबरोबर बाहेरची उष्णता पण आत घुसते आणि महागाचा हेलियम उकळून जातो. तिथं थंड बाजूच्या तुकड्याला हे कॉपर ऑक्साइड बसवतात. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या मोठ्या यंत्रात करंट आत नेणारे असे हजारावर लीड (जोडतुकडे) आहेत, बिस्मथच्या जातीचे. तुमच्या भट्टीला जसं फायरब्रिक, तसं ते, पण वीज जाऊ देणारं फायरब्रिक.

जालन्याची_भट्टी
आत्ता ध्यानात आलं. धन्यवाद सर.

बिंदुसरा_बीड
ताई, सर, लई उपकार झाले. काल रात्री बसून १९९७ च्या ग्राफवरचे बिंदू एकेक करून वहीत उतरवले अन् घात मोकळा सोडून परत फिट केलं. छेद थोडा हलला पण सगळ्यांचा जवळजवळ एकत्रच राहिला. फक्त एक गोष्ट, चारही रेषांचे उतार वेगवेगळे आलेत. छेद सारखा अन् उतार वेगळे, हे माझं चुकलं का? झिंकमुळं उतार बदलतोय का?

कयाधूकाठ
चुकलं नाही. उतार फोनॉनचा आहे अन् फोनॉनचा पल्ला स्फटिकाच्या रुंदी-जाडीवर ठरतो, चार स्फटिक चार मापाचे. इतक्या खाली फोनॉनला झिंकचा अणू दिसतच नाही, त्याची तरंगलांबी अणूच्या हजारो पट. प्रत्येक स्फटिकाच्या रुंदी अन् जाडीच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढ अन् उताराच्या बाजूला लिहून बघ, जो स्फटिक जाड त्याचा उतार साधारण जास्त दिसेल. पृष्ठभाग चकचकीत असेल तर थोडं इकडंतिकडं होईल. गुरुवारच्या आधी तो तक्ता इथं टाक, मी बघते.